चौलच्या अलीकडची वाडी



"काय रे, अलिबागहून आलास का?" हे वाक्य ज्याने कधी ऐकलं नाही असा आपल्यातला एकही म्हातारा दिमोना, लोद किंवा अश्दोदमध्ये सापडायचा नाही. इथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो. मराठीत एखाद्याला "तू अगदीच भोळा दिसतोस" असं सुनवायचं असलं की हे विचारतात. २०१९ साली तर हे वाक्य अपमानाचं आहे, त्यावर बंदी घाला, असा अर्ज घेऊन एक अलिबागकर मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले होते. असे विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयाने तो अर्ज फेटाळला.

आमच्या बाबांनी या प्रश्नाचा निकाल न्यायालयाच्या साठ-सत्तर वर्षं आधीच लावला होता. मुंबईत ट्राममध्ये त्यांनी उतरायचं ठिकाण दोनदा विचारलं, म्हणून कंडक्टर खेकसला, "अलिबागहून आलात का?" बाबा म्हणाले, "हो तर! तुमच्या ट्रामचा त्रास सोसवेना म्हणून लोहचुंबकसुद्धा मुंबई सोडून आमच्याकडे राहायला आलंय. मी तर माणूस." कंडक्टरला काही कळलं नाही, पण ही गोष्ट खरी आहे. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालवायचं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडतील म्हणून १९०४ साली त्या कामासाठी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. तिच्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. ती अजून तिथेच आहे, आणि ट्राम मात्र १९६४ सालीच बंद झाली. बाबा हे फार चवीने सांगायचे. "बघा, कोण टिकलं?"

आम्ही चौघं भावंडं. थोरला आता ऐंशीच्या पुढचा, मग ताई, मधला, आणि सगळ्यांत धाकटी. २०२३ च्या फेब्रुवारीत, तू बिश्वातच्या सुमारास, आम्ही चौघं आमची जुनी वाडी बघायला गेलो. बरोबर दोन नातवंडं होती. नातू नुकताच सैन्यातून सुटला होता. इथली पोरं सैन्यातून सुटली की मनाली, गोवा, धरमकोट असं करत सहा सहा महिने हिंदुस्थानात फिरतात, पण अलिबागचं नाव त्यांच्या नकाशावर नसतं. पणजोबांचं गाव सोडून बाकी सगळा देश बघून येतात! हे आमचं गाऱ्हाणं आहे, आणि ते इथे मांडून घेतो.

पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचं आणि मग एसटीची वाट बघायची. आईला लाँच लागायची, म्हणून तिच्या पदराला लिंबू बांधलेलं असायचं. आता २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते. मोटारीसकट माणसं चढतात आणि तासाभरात पलीकडे. चहासुद्धा मिळतो. ताई म्हणाली, "एवढ्यात आलं? मला अजून लागलीसुद्धा नाही!"

मांडव्याहून अलिबागकडे निघालो आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचता वाचता नात हसायला लागली. झिराड, किहीम, थळ... तिला वाटलं आपल्या सिनेगॉगच्या वर्गणीदारांची यादीच कुणीतरी रस्त्याकडेला लावून ठेवली आहे. झिराडकर, किहीमकर, थळकर, पुढे पेणकर, रोहेकर, अष्टमकर. आपली आडनावं म्हणजे आपले पत्ते. पत्र टाकलं तर आजही पोचेल, फक्त घ्यायला घरात कुणी नाही.

नवगावला थांबलो. फुटलेल्या गलबतातून सात बायका आणि सात पुरुष वाचले आणि किनाऱ्याला लागले, ही आपली परंपरेने चालत आलेली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या जुन्या कबरस्तानात स्मारक आहे. अलिबागला इस्रायल आळीतली आपली मशीद पाहिली. (जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, मुलांनी गोंधळू नये.) मागेन अबोथ तिचं नाव, स्थापना १८४८ ची. दुसऱ्या दिवशी खंडाळ्याला एलियाहू हनावीच्या खडकाशी जाऊन मलिदा केला. या सगळ्याबद्दल यापूर्वी पुष्कळांनी लिहिलं आहे, म्हणून आम्ही लांबण लावत नाही. आम्हाला सांगायचं आहे ते वाडीचं.

अलिबागहून दक्षिणेला निघालं की आक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा अशी गावं ओळीने लागतात. एका बाजूला समुद्र आणि मधे नारळी-पोफळीच्या वाड्या इतक्या दाट की भर दुपारी अंधारून यावं. चौल हे फार जुनं बंदर. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट आहे. आमची वाडी चौलच्या अलीकडे. मोठी नव्हे. पंधरा-सोळा गुंठे असेल, आणि शिवाय खाली भाताची दोन खाचरं. पण एवढ्या जागेत बाबांनी आम्हां चौघांना वाढवलं, आणि हसत वाढवलं.

वाडीचं पाणी म्हणजे रहाट. मुलांनी तो पाहिलेला नसणार. विहिरीवर, आमच्याकडे बाव म्हणत, मोठं लाकडी चाक. चाकावर काथ्याच्या दोराची लांब माळ, आणि माळेला ओळीने बांधलेले मातीचे लोटे. बैल गोल फिरू लागला की चाक फिरायचं, भरलेले लोटे वर येऊन पन्हळीत रिकामे व्हायचे, आणि ते पाणी पाटाने एकेका झाडाच्या आळ्यात जायचं. याला शिंपणं म्हणायचं. पहाटे रहाटाची कुरकुर सुरू झाली की आम्ही उठायचो, वेगळ्या घड्याळाची गरज नव्हती.

आमच्या बैलाचं नाव मुकादम. बाबांनीच ठेवलं होतं. "हा दिवसभर फिरतो, कुठेच पोचत नाही, आणि काम सगळं त्याच्यामुळे झालं असं त्याच्या तोंडावर दिसतं." मुकादमाला शनिवारी सुट्टी. तोराच सांगते की बैलालाही विसावा द्या. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणायचे ते यामुळेच, घाणा शनिवारी बंद. आमच्या घरचा घाणा आजोबांच्या वेळीच मोडला होता, पण बैलाची रजा काही मोडली नाही. सहा दिवसांचा हिशेब मुकादम स्वतःच ठेवायचा. शनिवारी पहाटे दुसऱ्या कुणी दावं सोडलं तरी उठायचा नाही. शेजारचे काका थट्टेने म्हणायचे, "तुमच्या बैलाला बारमिट्झ्वा झालाय का?" बाबा म्हणायचे, "नाही, पण माझ्यापेक्षा जास्त पाळतो."

बाबांचा एक नियम होता. आधी तीनदा हात लावा, मग हाक मारा. काहीही अडलं, मोडलं, तुटलं, तर तीन वेळा आपण करून बघायचं. तीनदा जमलं नाही तरच "बाबा" म्हणायचं. आणि मग ते यायचे, पण करून द्यायचे नाहीत. शेजारी बसायचे आणि चौथ्यांदा आपल्याकडूनच करून घ्यायचे. छत्रीच्या काड्या, कंदिलाची वात, इरलं, पाटाची दारं, सगळं असंच शिकलो. (इरलं म्हणजे पानांचं, पाठीवर घ्यायचं पावसाळी कवच. लावणीच्या वेळी वाकून काम करताना छत्री कोण धरणार?)

एकदा बाबा अलिबागला बाजाराला गेले असताना रहाटाची माळ तुटली. दोर सर्रकन खाली गेला आणि लोटे धडाधडा विहिरीत. ताई तेव्हा अकरा वर्षांची, मधला आठचा. आई माहेरी. उन्हाळ्याचे दिवस, त्या दिवशीचं शिंपणं राहिलं असतं तर केळी माना टाकणार. दोघांनी गळाने दोर वर काढला, फुटके लोटे वेगळे केले, काथ्या पाण्यात भिजवून मऊ केला आणि पिळून पिळून जोड घातला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा धरला. गाठ चांगली नारळाएवढी झाली होती, पण मुकादमाने ओढली आणि पाणी आलं.

संध्याकाळी बाबा आले. विहिरीच्या काठावर उभे राहून त्यांनी माळेची एक पूर्ण फेरी बघितली. म्हणाले, "बारा लोटे गेले, राहिलेत त्यांत पाणी येतंय. आणि ही कोण पाहुणी?" ही म्हणजे गाठ. त्यांनी ती सोडून नवीन घातली नाही. पुढे माळ बदलेपर्यंत ती तशीच राहिली. आणि दर फेरीला ती गाठ चाकावर आली की बाबा डोक्यावरची टोपी उचलून तिला सलाम करायचे. एका शिंपण्यात शेकडो फेऱ्या होत. सगळ्यांना नाही, पण आम्ही बघतोय असं दिसलं की हमखास सलाम. मधला पुढे इथे कारखान्यात यंत्रदुरुस्तीवर तीस वर्षं होता. तो म्हणतो, एवढा मान नंतर कुठल्याही साहेबाने दिला नाही.

आई म्हणायची, "ह्यांना जेवायला नाही वाढलं तर चालेल, ऐकायला कुणीतरी पाहिजे."

आम्हां प्रत्येकाच्या जन्माच्या वेळी बाबांनी एकेक नारळ लावला होता. आळं करायचं, शेणखत घालायचं, पाणी घालायचं, हे ज्याचं त्याने. बाबांचा कायदा असा: "झाड तुझं, कीडही तुझी, नारळ मात्र सगळ्यांचे." कीड म्हणजे गेंड्या भुंगा. काळा, नाकावर शिंग असलेला. हा नारळाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो, आणि मग पान उमललं की ते कात्रीने कापल्यासारखं दिसतं. तारेचा आकडा भोकात घालून तो ओढून काढायचा, आणि पानांच्या बेचक्यात वाळू-मीठ भरायचं. धाकटी यात पटाईत होती. लहान झाडावर शिडी लावून चढायची आणि भुंगा काढून बाबांच्या हातावर ठेवायची. बाबा त्याला गंभीरपणे विचारायचे, "भाडं भरलंस का?"

थोरल्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, तोंडावर आला होता. साल १९५७ असावं. चिकाच्या हलव्याला नारळाचं दूध हवं, आणि नारळ पाडायला येणारा गडी तापाने पडलेला. बाबा थोरल्याला म्हणाले, "तू तेरा वर्षांचा झालास. देवासमोर उभा राहिलास, आता झाडासमोर उभा राहा." पायात काथ्याच्या दोरीचा फेरा, कमरेला कोयता. फेरा खोडावर दाबायचा, अंग वर ओढायचं, परत दाबायचं. थोरला दोन-तीन पुरुष उंचीपर्यंत गेला आणि तिथेच खोडाला मिठी मारून गोठला. ना वर, ना खाली. खाली आईने तोंडावर पदर घेतला.

बाबांनी आरडाओरडा केला नाही. झाडाच्या बुंध्याशी बसले, विडी पेटवली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, वरून येरुशलाईम दिसतं का?"

वरून रडवा आवाज आला, "नाही."

"मग अजून थोडा वर जा. एवढ्यावरून नाही दिसायचं."

थोरल्याला हसू आलं. हसू आलं की माणसाचे हात ढिले पडतात असं आईला वाटत होतं, पण झालं उलटंच. भीती ढिली पडली. तो वर पोचला, सहा नारळ पाडले आणि उतरला. तळव्यांची सालटी निघाली होती. बाबांनी त्यांवर खोबरेल लावलं आणि म्हणाले, "नारळाने सोललं, नारळच लावा." त्यानंतर आमच्या वाडीत कुणीही झाडावर चढलं की खालून हाच प्रश्न. गडी, शेजारीपाजारी, सगळे विचारायचे. येरुशलाईम काय आहे हे त्यांतल्या अर्ध्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं.

१९६८ साली आम्ही निघालो. नातेवाईक एकेक करून गेले होते, आळी ओस पडत चालली होती. वाडी शेजारच्या काकांनी घेतली, मुकादमाच्या वंशातल्या बैलासकट. निघायच्या दिवशी पहाटे रहाट कुरकुरला. आम्हाला वाटलं काका आले. बघतो तर बाबा. सामान बांधलेलं, एसटीची वेळ होत आलेली, आणि हे शिंपत आहेत! आई चिडली. "अहो, आता ही वाडी आपली आहे का?" बाबा म्हणाले, "पाण्याला कुठे ठाऊक सातबारा कुणाच्या नावावर आहे?" आणि शेवटच्या आळ्यापर्यंत पाणी पोचवूनच ते हातपाय धुवायला गेले.

दिमोनाला आलो आणि बाबा गप्प झाले. छप्पन्न वर्षांचा माणूस. भाषा येत नाही, काम कापडाच्या कारखान्यात, रात्रपाळीला. खिडकीबाहेर नुसती पिवळी जमीन. ते तक्रार करत नव्हते. पण एकही विनोद नाही, आणि हेच आईला सहन होईना. तीन महिने आमच्या घरात कुणी हसलं नाही म्हटलं तरी चालेल. आई आम्हाला बाजूला घेऊन म्हणायची, "ह्यांना दवाखान्यात दाखवूया का? अंगात काही नाही, पण बोलत नाहीत." आज वाटतं, आमच्या घरावर आलेला तो सगळ्यांत वाईट काळ. नंतर पैशांची ओढाताण झाली, लढाया झाल्या, पण त्या तीन महिन्यांसारखं काही नव्हतं.

मग एकदा ओळखीच्या एका माणसाबरोबर ते बीरशेबाच्या पश्चिमेला गेले. तिथे हात्झेरीम किब्बुत्झ आहे. १९६५ पासून त्या किब्बुत्झने ठिबक सिंचनाचं काम हाती घेतलं होतं. आज जगभर, आपल्या महाराष्ट्रातसुद्धा, द्राक्षांना आणि डाळिंबांना ज्या नळ्या दिसतात, त्यांचा धंदा तिथून सुरू झाला. बाबांनी शेतात पसरलेल्या काळ्या नळ्या बघितल्या. प्रत्येक झाडाच्या मुळाशी एकेक थेंब. ना पाट, ना पन्हळ, ना लोटे. बराच वेळ उकिडवे बसून ते थेंब मोजत होते म्हणे. घरी आले, जेवायला बसले आणि एकदम म्हणाले, "आपला मुकादम इथे असता तर पेन्शनवर गेला असता."

आई ताट तसंच ठेवून उठली आणि आत गेली. आम्हाला वाटलं रागावली. ती रडत होती.

त्यानंतर बाबा पूर्वीसारखे झाले. शिकूनच्या इमारतीखाली हातभर जागा होती, तिथे शेवगा आणि कढीपत्ता लावला. टाकून दिलेल्या नळीला खिळ्याने भोकं पाडून घरचं ठिबक केलं. तीनदा हात लावला, चौथ्यांदा जमलं. शेजारी मोरोक्कोची बाई होती. तिला हिब्रू येत होतं, बाबांना नाही. तरी दोघं शेवग्याच्या शेंगांवरून तासन्‌तास हसायची. ती कशावर हसायची आणि हे कशावर, देव जाणे. पहिल्यांदा येरुशलाईमला गेलो तेव्हा थोरला म्हणाला, "बाबा, दिसलं." बाबा म्हणाले, "बघ किती वर चढावं लागलं."

असो. तर २०२३ ची वाडी.

आक्षी-नागावला आता वाड्यांतून राहायच्या खोल्या झाल्या आहेत. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात. रहाट गेले, विजेचे पंप आले. आमच्या वाडीचं बेडं गेलं, लोखंडी फाटक आलं. आत शिरलो आणि पहिल्यांदा जाणवलं ते ऊन. आमच्या वाडीत ऊन कधी नसायचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, त्यात अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या बाजूच्या हजारो नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ तर काडीसारखी मोडते. आमच्या चार नारळांपैकी तीन गेले होते. ताईचा, मधल्याचा आणि धाकटीचा. थोरल्याचा उभा होता, समुद्राच्या उलट बाजूला चांगलाच कललेला. ताई म्हणाली, "ह्याला लहानपणापासून मिठी मारायची सवय, म्हणून राहिला."

काका केव्हाच गेले. त्यांचा मुलगा आता सत्तरीचा. वादळानंतर दोन महिने त्याने आणि त्याच्या बायकोने पडलेली झाडं स्वतः कापून ओढली, कारण माणूस मिळत नव्हता. सगळ्यांच्याच वाड्या पडल्या होत्या आणि त्यात कोरोनाची टाळेबंदी. नवीन रोपं लावली आहेत, कमरेएवढी. नारळाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. सत्तरीतला माणूस नारळ लावतो, याला काय म्हणावं! बैलाचं विचारलं तर तो हसायला लागला. "तुमचा तो बैल दोन वर्षं शनिवारी उठला नाही. आमच्या बाबांनी मारून बघितलं, गोंजारून बघितलं. शेवटी म्हणाले, जाऊ दे, आपणच शनिवारी सुट्टी घेऊ."

रात्री त्यांनी आमच्यासाठी पोपटी लावली. वालाच्या शेंगांचे हेच दिवस. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, रताळी. वर परत पाला कोंबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती सुक्या झावळ्या आणि पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब मारून चर्र झालं आणि लगेच सुकला की झालं. बाबा मडक्याजवळ कान नेऊन म्हणायचे, "मडकं म्हणतंय, अजून दोन गोष्टी सांगा." मग आम्ही भुकेलेले, ते गोष्टी सांगणार, आणि पोपटी बरोबर वेळेवर उतरणार. आता मोबाईलवर वेळ लावली होती. पण वास तोच! नातू चार अंडी खाऊन म्हणाला, हे सैन्यात शिकवायला हवं होतं.

जेवणं झाल्यावर काकांचा मुलगा म्हणाला, "एक विचारायचं होतं. बंगल्यासाठी गिऱ्हाईक आलंय. भाव चांगला देतात. माझा एक मुलगा ठाण्याला, तो परत येणार नाही. दुसरा इथेच, रिक्षा चालवतो. माकडं नारळ ठेवत नाहीत. काय करू?"

आम्ही गडबडलो. म्हटलं, "अरे, जागा तुझी. तुझ्या वडिलांनी पैसे मोजून घेतली."

"जागा आमची," तो म्हणाला, "पण बाव तुमच्या बाबांनी खणलेली. बाबा सांगून गेलेत, सही करायच्या आधी त्यांना विचार."

त्या रात्री आम्हां भावंडांत थोडी वादावादी झाली, ती लपवत नाही. ताई म्हणाली, स्पष्ट सांगूया, विकू नको. मधला म्हणाला, आपण पंचावन्न वर्षांपूर्वी विकून मोकळे झालो, त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? थोरल्याने बाबांचंच वाक्य काढलं, "विकलेल्या म्हशीचं दूध मोजायला जाऊ नये." धाकटी गप्प होती. बंगल्यांचा आम्हाला राग नाही असं नाही. समुद्राकाठी भिंती चढत चालल्यात आणि आत वर्षातून आठ दिवस दिवे लागतात. पण जो माणूस माकडांशी आणि वादळाशी एकटा झगडतो, त्याला दिमोनाच्या पंख्याखाली बसून आपण उपदेश करायचा, हेही पटेना. सकाळी त्याला एवढंच सांगितलं की तुला गरज असेल तसं कर, फक्त घेणारा जो कोण असेल त्याला विहीर बुजवू देऊ नकोस. तो मान हलवून "बघतो" म्हणाला. आम्ही हे लिहीपर्यंत तरी त्याने सही केलेली नाही.

निघायच्या आधी त्याचा नातू, असेल पंधरा-सोळा वर्षांचा, आमच्यासाठी शहाळी काढायला थोरल्याच्या नारळावर चढला. पायात तोच दोरीचा फेरा. आमची नात खालून मोबाईलवर चित्रण करत होती. कललेलं झाड, वारा सुटलेला. मध्यावर गेल्यावर पोरगा जरा थांबला.

आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत घरातून बाई बाहेर आली, त्या पोराची आजी, आणि पदराला हात पुसत ओरडली, "काय रे, येरुशलाईम दिसतं का?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. काकांच्या मुलाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "काय म्हणजे? आमच्याकडे झाडावर चढणाऱ्याला विचारतातच तसं. तुमच्याकडे नाही विचारत?"

वरून पोराचा आवाज आला, "नाही गं आजी, पण रेवदंड्याचा पूल दिसतोय!"

"मग अजून थोडा वर जा," थोरला म्हणाला.